लाल पानांचे दोन सोयरे : जपानी मेपल, कुसुंब आणि केनवडची जमीन

जपानी मेपल हे थंड हवामानातील, पाच ते आठ मीटर उंचीचे पानगळी झाड असून वनस्पतिशास्त्रात ते एसर पामॅटम या नावाने ओळखले जाते. त्याची पंजाच्या आकाराची, पाच, सात किंवा नऊ टोकांत विभागलेली पाने शरदाच्या अखेरीस लाल होतात आणि या एका गुणाच्या बळावर क्योतोच्या मंदिरांपासून न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांच्या घरांसमोरील हिरवळीपर्यंत त्याने आपली जागा पक्की केली आहे. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे मालेगाव–मेहकर रस्त्यावरचे, सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकवणारे गाव या झाडाच्या नकाशात कोठेही बसत नाही. तरीही परदेशी स्थायिक झालेल्या नातलगांकडून दिवाळीच्या सुमारास येणारी छायाचित्रे आणि मोबाइलवर सहज मागवता येणारी बियांची पाकिटे यांमुळे 'हे झाड आपल्याकडे लागेल का' हा प्रश्न आता वऱ्हाडातल्या अंगणातही विचारला जातो. जमिनीत लावलेले झाड टिकणार नाही, हे त्याचे थोडक्यात उत्तर होय. मात्र ते का टिकणार नाही याची कारणे पाहिली म्हणजे केनवडच्या थंडीविषयी, उन्हाळ्याविषयी आणि मातीविषयी बरेच काही कळते. शिवाय याच मेपलच्या कुळातील एक झाड विदर्भाच्या रानात दरवर्षी लालभडक होत असते, ही गोष्टही त्या ओघात समोर येते.

मेपलचा छंद जपानमध्ये जुना आहे. एदो, म्हणजे आजच्या टोकियोच्या परिसरातील इतो इहेई या घराण्याने चालवलेल्या रोपवाटिकेतून अठराव्या शतकाच्या आरंभीच मेपलच्या निवडक जातींची सचित्र वर्णने छापली जात होती, आणि पानाचा आकार, चिरफाळ, रंग व फांदीची ठेवण यांवरून जाती वेगळ्या काढून त्यांना स्वतंत्र नावे देण्याची पद्धत तेव्हाच रूढ झाली होती. युरोपीय शास्त्रात हे झाड आणले ते कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वैद्याने. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत १७७५–७६ मध्ये तो नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहिला आणि तेथून जमवलेल्या माहितीवर त्याने १७८४ मध्ये 'फ्लोरा जापोनिका' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज मेपलच्या शेकडो जाती बाजारात आहेत. उन्हाळाभर गर्द लाल राहणारी 'ब्लडगुड', हिवाळ्यात पाने झडल्यावर कोवळ्या फांद्या पोवळ्याच्या रंगाच्या होणारी 'सांगो-काकू' आणि झालरीसारख्या बारीक चिरलेल्या पानांचा बुटका 'डिसेक्टम' वर्ग ही त्यांतील परिचित नावे होत. या जाती बियांपासून जशाच्या तशा उतरत नाहीत. त्यामुळे साध्या हिरव्या मेपलच्या बीजरोपावर त्यांचे कलम बांधावे लागते, आणि कलमाच्या जोडाखालून येणारे हिरवे फुटवे वेळीच न काढल्यास तेच जोर धरून वरच्या लाल जातीला मागे टाकतात.

केनवडसारख्या गावी मेपल न रुजण्याचे पहिले कारण उन्हाळा असेल, असे सहज वाटते. परंतु क्योतोचा ऑगस्टही तेहेतीस अंशांच्या पुढे जातो आणि त्या उष्म्यात तेथील मेपल हिरवेगार उभे असतात. पहिली अडचण हिवाळ्याची आहे. समशीतोष्ण प्रदेशातील पानगळी झाडे दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की कळ्या मिटून घेऊन सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ पूर्णपणे थांबवलेल्या विश्रांतीत जातात. या विश्रांतीतून ती केवळ ऊब मिळाल्याने जागी होत नाहीत. सुमारे शून्य ते सात अंशांच्या दरम्यानच्या थंडीचे शेकडो तास अंगावरून गेल्यावरच कळीतील वाढरोधक संप्रेरके ओसरतात आणि मग वसंतात सर्व कळ्या एकदम फुटतात. क्योतोत जानेवारीचे सरासरी तापमान चार-पाच अंशांच्या आसपास असते, त्यामुळे हा हिशेब आपोआप पुरा होतो. साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावरील वाशीमच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, काही रात्री त्याहूनही खाली जातो, पण दुपारी तोच अठ्ठावीस-तीसवर चढलेला असतो. हरभऱ्याला आणि गव्हाला मानवणारी ही थंडी मेपलच्या हिशेबात जवळजवळ धरलीच जात नाही. अशा ठिकाणी झाड पुरते झोपत नाही आणि पुरते जागेही होत नाही. काही कळ्या फेब्रुवारीत फुटतात, काही एप्रिलपर्यंत मिटलेल्या राहतात, काही फांदीवरच वाळतात आणि साठवलेले अन्न वर्षागणिक आटत जाते.

उन्हाळ्याची अडचण त्यानंतरची, आणि तीही केवळ पाऱ्याची नाही. क्योतोचा उन्हाळा दमट असतो आणि वर्षाचा पाऊस सुमारे दीड हजार मिलिमीटर असून तो बाराही महिन्यांत विखुरलेला असतो. केनवड परिसरात मात्र आठशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि एप्रिल-मेच्या दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असताना हवा इतकी कोरडी होते की पानातील पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा वेगाने उडून जाते. मेपलचे पान पातळ असते आणि त्यावर मेणाचा जाड थर नसतो, त्यामुळे आधी त्याची टोके करपतात, नंतर कडा तपकिरी होऊन आत वळतात आणि शेवटी अख्खे पान कागदासारखे चुरचुरते. बागकामात याला पानकरपा म्हणतात, पण तो बुरशीचा रोग नसल्याने बुरशीनाशकाच्या फवारणीने त्यात काही फरक पडत नाही. वाढवलेले पाणीही येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण कमी पडते ती मुळापासून पानापर्यंत पाणी चढण्याची गती.

तिसरी अडचण पायाखालची. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली भारी काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला रुंद भेगा पडतात. हा गुण तिच्यातील स्मेक्टाइट वर्गाच्या चिकणमातीचा आहे. कापूस, तूर यांसारखी खोल मुळांची पिके या भेगांशी जुळवून घेतात, परंतु मेपलची तंतुमुळे जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच जाळे विणतात आणि उन्हाळ्यातील भेग त्या जाळ्याला मधोमध फाडते. पावसाळ्यात उलटा त्रास होतो: झडीच्या दिवसांत काळ्या मातीतील हवा संपते, आणि मेपलच्या मुळांना उभे पाणी मुळीच सोसत नाही. त्यातच ही जमीन चुनखडीयुक्त असून तिचा सामू, म्हणजे आम्लता व अल्कता मोजणारा अंक, बहुधा साडेसात ते साडेआठच्या घरात असतो, तर मेपलला साडेपाच ते साडेसहा सामूची, किंचित आम्ल, पानांच्या कुजलेल्या खताने भुसभुशीत झालेली जमीन लागते. अल्क जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. परिणामी पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. बोअरचे जड पाणी हीच अडचण वाढवते, कारण प्रत्येक पाण्याबरोबर क्षार व बायकार्बोनेट मातीत साठत जातात. वर्टिसिलियम नावाची मातीतील बुरशी मेपलच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करून एकेक फांदी अचानक वाळवते, आणि ही बुरशी कापूस, वांगी, टोमॅटो या पिकांवरही जगत असल्याने ही पिके घेतलेल्या वावरात मेपल लावणे तत्त्वतःच अविचाराचे ठरते.

जेथे हे झाड खरोखर शोभते तेथे त्याची निगा फार अवघड नसते. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी, जेथे थंडी भरपूर असते आणि जमीन बव्हंशी आम्ल असते, रोप उथळ लावणे हा सर्वांत महत्त्वाचा नियम मानला जातो: खोड जेथे रुंद होऊन मुळांत उतरते तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, अन्यथा मुळे खोडाभोवती गुंडाळून काही वर्षांनी त्यालाच आवळतात. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली, बुंध्यापासून थोडे दूर ठेवलेले पाच-सात सेंटिमीटर जाडीचे सालपटांचे आच्छादन, नत्रयुक्त खताबाबत हात आखडता, आणि छाटणी करायची तर ती वसंतात रस चढत असताना न करता ऐन उन्हाळ्यात किंवा झाड पूर्ण झोपलेले असताना करावी, एवढ्या पथ्यांवर मेपल शंभर वर्षेही जगू शकतो. यांतील प्रत्येक पथ्य झाडाला आधीच अनुकूल असलेल्या जागेत थोडी भर घालते. जागा प्रतिकूल असेल तर पथ्ये वाढवून ती अनुकूल होत नाही, आणि बागकामाच्या सल्ल्यांत ही मर्यादा बहुधा सांगायची राहून जाते.

केनवडमध्ये हौस म्हणून कुंडीत प्रयोग करायचाच असेल तर त्याची दिशा यावरून ठरते. बी ओलसर, पिळून घेतलेल्या नारळाच्या भुश्यात घालून पिशवीत बंद करावे आणि घरच्या फ्रिजमध्ये तीन ते पाच अंशांवर सुमारे तीन महिने ठेवावे. या कृत्रिम हिवाळ्याला शीतसंस्कार म्हणतात आणि त्यावाचून बी सहसा रुजत नाही. धुतलेले कोकोपीट, जुने पालापाचोळ्याचे खत आणि विटांचा खडबडीत चुरा यांचे मिश्रण, पूर्वेकडच्या ओट्यावरची जागा, निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी आणि पावसाळ्यात टाकीत साठवलेले पाणी एवढे केले तर रोप काही हंगाम काढू शकेल. त्याने लाल होऊन दाखवावे ही अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण शरदातील रंगालाही थंड रात्री लागतात. बी मागवताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. निळ्या किंवा सप्तरंगी पानांचा मेपल म्हणून ऑनलाइन दाखवली जाणारी चित्रे संगणकावर रंगवलेली असतात. अशी निळ्या पानांची जात अस्तित्वात नाही, आणि कलमी जातीचे नाव लावून विकलेल्या बियांतून ती जात उतरण्याची खात्री कोणालाच देता येत नाही.

जपानी बागेची कल्पना झाड न आणताही आणता येते, हे महाराष्ट्रात पुण्याने दाखवले आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून, तेथील कोराकुएन या सतराव्या शतकाच्या अखेरीस घडवलेल्या बागेच्या धर्तीवर उभारले गेले. मूळ कोराकुएनमध्ये मेपलची स्वतंत्र राई आहे. पुण्यात मात्र वाहते पाणी, वळणदार वाटा, पूल आणि मोकळी हिरवळ यांच्या रचनेतूनच ती शैली ओळखू येते. केनवडच्या वाचकाने येथून घ्यावे ते एवढेच की बागेची शैली आणि बागेतील झाड या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. मग प्रश्न उरतो तो झाडाच्या निवडीचा.

या निवडीला अलीकडच्या वर्गीकरणशास्त्राने एक अनपेक्षित आधार पुरवला आहे. मेपलचे पूर्वी अ‍ॅसरेसी असे स्वतंत्र कुळ मानले जाई. १९९८ पासून डीएनएच्या पुराव्यावर आधारलेल्या नव्या वर्गीकरणात ते कुळ मोडून मेपलचा समावेश सॅपिंडेसी, म्हणजे रिठ्याच्या कुळात करण्यात आला. रिठा, लिची, कुंपणावर चढणारी कपाळफोडी आणि माळावरची जखमी ही झाडे-वेली त्यामुळे मेपलच्या गोतात आली. मेपलच्या प्रजाती भारतात हिमालयात आहेत, महाराष्ट्रात एकही मूळची नाही. परंतु त्याच कुळातील कुसुंब, ज्याला कोकणात कोशिंब म्हणतात आणि शास्त्रात श्लायशेरा ओलिओसा, मेळघाटच्या नाल्याकाठी आणि विदर्भाच्या पूर्वेकडील पानगळी जंगलांत आपला रंग दरवर्षी न चुकता दाखवत असतो.

कुसुंबाचा रंग फाल्गुनात येतो. जुनी पाने थोड्याच दिवसांत गळतात आणि फांद्यांच्या टोकांवर नवी पालवी एकाच वेळी फुटते. झाड फार काळ निष्पर्ण राहत नाही, म्हणून अशा झाडांना पर्णबदली म्हणतात. प्रत्येक पानावर पर्णिकांच्या दोन ते चार जोड्या असतात आणि टोकाची जोडी सर्वांत मोठी असते. कोवळी पर्णिका मऊ, लोंबती आणि तकतकीत असते. उजेडासमोर धरली की किरमिजी पात्यात फिकट शिरांची जाळी उमटते, आणि पानाने पुरता आकार घेईपर्यंत ही लाली तांबूस, मग तपकिरी-हिरवी होत जाते. साऱ्या झाडाचा लाल काळ जेमतेम काही आठवड्यांचा. पळस त्याच सुमारास फुललेला असल्याने दुरून पाहणाऱ्याची गल्लत होते, मात्र पळसाची लाली फुलांची असते आणि कुसुंबाची पानांची. कुसुंबाची स्वतःची फुले बारीक, पिवळट-हिरवी आणि पाकळ्यांवाचूनची असल्याने ती शोधूनच पाहावी लागतात.

दोन्ही झाडांतील लाल द्रव्य एकाच वर्गाचे आहे. अँथोसायनिन नावाचे हे रंगद्रव्य पानाच्या पेशींतील रसात विरघळलेले असते. मेपलमध्ये ते पानाच्या अखेरीस तयार होते: झाड पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील नत्र फांदीत परत ओढून घेत असताना कडक उन्हाने ही नाजूक प्रक्रिया बिघडू नये म्हणून पान हा पडदा धरते, असे स्पष्टीकरण बरेच शास्त्रज्ञ देतात. कुसुंबात तो आरंभी धरला जातो. नव्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो आणि तोवर चैत्राचे ऊन अर्धवट तयार झालेल्या पेशींना मारक ठरू शकते; शिवाय पोषण कमी आणि लाल रंग जास्त असलेले पान किडींना कमी आकर्षक असते, असाही एक विचार आहे. उन्हाच्या ऐन कडाक्यात, पावसाला तीन महिने असताना, हे झाड नवी पाने काढू शकते याचे कारण त्याची खोल मुळे आणि जुनी पाने टाकल्यावर खोडात पुन्हा भरून येणारे पाणी हे होय. थंडीचा हिशेब मागणाऱ्या मेपलच्या नेमके उलट, कुसुंबाचे घड्याळ वाढत्या दिवसावर आणि कोरड्या ऋतूवर चालते.

लागवडीचा विचार करताना कुसुंबाचीही बाजू अवास्तव सांगू नये. खोल भारी काळ्या जमिनीत, जेथे पावसाळ्यात पाणी तुंबते, ते नीट वाढत नाही. त्याला निचऱ्याची, मुरमाड, किंचित आम्ल ते उदासीन जमीन मानवते आणि रानात ते मुख्यतः ओढ्या-नाल्यांच्या काठी, दगडगोट्यांच्या उतारावर आढळते. म्हणून केनवड परिसरात त्यासाठी बरड जमीन, नाल्याचा चढाकडचा काठ, शेततळ्याचा बांध किंवा गावठाणातील उंचवटा निवडावा. झाड पंधरा-वीस मीटर आणि जागा मिळाल्यास त्याहूनही उंच होते, सावली दाट पडते. घराच्या भिंतीपासून दहा मीटरच्या आत ते लावू नये आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे, कारण सावलीखालच्या तासांत सोयाबीन येत नाही आणि अशा सावलीवरून तंटे होतात.

फळे जून-जुलैत पिकतात. ती लहान, टणक सालीची असून आत पिवळसर, आंबट गर आणि एक किंवा दोन तपकिरी बिया असतात. मुले गर चोखून खातात. गर धुऊन काढलेले ताजे बी एक दिवस पाण्यात भिजवून लगेच पेरावे. सोटमूळ वेगाने खाली जाते, त्यामुळे उथळ पिशवीत ते तळाशी गुंडाळते आणि असे रोप पुढे कधीच सुधारत नाही. उंच पिशवी वापरावी किंवा बी थेट जागेवरच टोकावे. खड्डा दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल घेऊन तो मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्यावा, भरताना निघालेल्या मातीत मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि मृगाचा, निदान आर्द्राचा पाऊस मुरल्यावर रोप लावावे. पहिली दोन-तीन वर्षे रोप अत्यंत सावकाश वाढते, आणि येथेच बहुतेक लागवडी बुडतात: लावणाऱ्याला वाटते झाड मेले, प्रत्यक्षात ते मूळ खाली नेत असते. या काळात दोन गोष्टी टाळता येणार नाहीत. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आळे भरून, किंवा बुडाशी बारीक छिद्र पाडलेले मडके शेजारी पुरून पाणी द्यावे लागते. आणि शेळ्या-गुरांना कोवळी पालवी आवडत असल्याने बोराटीच्या काट्यांचे पक्के कुंपण करावे लागते. एकदा मुळे खोल गेली की झाड तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, दुष्काळ सोसते आणि निगेची अपेक्षा ठेवत नाही. रोपे सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात का ते विचारावे. रिसोड तालुक्यातच करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, जमिनीचा सामू तपासण्याविषयी तेथे विचारता येते, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा आधार आहेच.

कुसुंबाला मेपलसारखे बागेतले कौतुक कधी लाभले नाही याचे एक कारण असे की येथे त्याच्याकडे कामाचे झाड म्हणून पाहिले गेले. लाखेचा किडा कुसुंब, पळस आणि बोर या तीन झाडांवर मुख्यतः पोसला जातो. त्यांपैकी कुसुंबावरची, कुसमी म्हणून ओळखली जाणारी लाख फिकट रंगाची व सर्वांत चांगल्या प्रतीची मानली जाते, तर पळस-बोरीवरच्या लाखेला रंगीनी म्हणतात. लाखेचे संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुम येथे १९२४ मध्ये स्थापन झाली, आणि महाराष्ट्रात गोंदियाकडे लाखेचा व्यवसाय बराच काळ चालत आला आहे. बियांचे तेल दिव्यासाठी, साबणासाठी आणि केसांना लावण्यासाठी वापरले जाई. व्हिक्टोरियन इंग्लंडमधील प्रसिद्ध मॅकॅसर केशतेलाचे मूळही याच झाडाच्या बियांत असल्याचे सांगितले जाते, आणि त्या तेलाचे डाग खुर्चीच्या पाठीला पडू नयेत म्हणून टाकल्या जाणाऱ्या कापडाला इंग्रजीत 'अँटिमॅकॅसर' हे नाव पडले. या तेलात सायनाइड सोडणारी द्रव्ये असल्याने ते खाण्यात वापरू नये. लाखेसाठी ठेवलेल्या कुसुंबाची छाटणी किड्याच्या हंगामानुसार करावी लागते. निव्वळ रंगासाठी लावलेल्या झाडाला मात्र वाळलेल्या फांद्या काढण्यापलीकडे कात्री लावण्याची गरज नाही, कारण लाल पालवी फांद्यांच्या टोकांवरच येते आणि टोके छाटली की त्या वर्षीची लालीही गेली.

लहान अंगणात एवढे मोठे झाड मावत नाही हे खरे. तेथे याच कुळातील जखमी, म्हणजे डोडोनिया व्हिस्कोसा, हे झुडूप अधिक उपयोगाचे आहे: ते पुरुषभर ते दोन पुरुष उंच होते, खडकाळ व कोरड्या माळावर वाढते, कात्री सोसते आणि म्हणून अनेक ठिकाणी कुंपणासाठी लावले जाते. त्याच्या फळांना पातळ कागदी पंख असतात आणि पिकताना ते गुलाबी-तांबूस होतात. मेपलच्या फळाला असेच पंख असून ते वाऱ्यावर गरगरत खाली येते. जखमीची लागवड जुलैत, एक-दीड फुटावर, सलग ओळीत करतात आणि पहिल्या वर्षी शेंडा दोनदा खुडून ती बुडापासून दाट केली जाते. तिची पाने चिकट व कडवट असल्याने शेळ्या तिच्या वाटेला फारशा जात नाहीत, त्यामुळे कुसुंबाला लागणारे काट्यांचे कुंपण तिला लागत नाही. उलट कुसुंबाच्या रोपाभोवती तिचाच आडोसा करता येतो, फक्त दोहोंत किमान सहा फुटांचे अंतर राखावे, म्हणजे उन्हाळ्यात आळ्यातले पाणी कुसुंबाच्याच मुळांना मिळते.